फायाससाठी एक गल्ली धरा

सांगलीत कुणालाही सांगा, की स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात मार्च महिन्यात फायास नावाचा सण असतो, चौकाचौकात इमारतीएवढे उंच देखावे उभे करतात आणि १९ मार्चच्या रात्री सगळे पेटवून देतात. समोरचा लगेच म्हणतो, "म्हणजे होळीच की!" मी आता वाद घालत नाही. आग आणि मार्च महिना सोडला तर दोन्हींत काही एक सारखं नाही. तिथं जळतं ते कलाकारांनी कित्येक महिने कारखान्यात खपून घडवलेलं, पुढाऱ्यांची टर उडवणारं, परीक्षकांनी नंबर दिलेलं काम. ते खाक झालं की दुसऱ्याच दिवसापासून पुढच्या वर्षाची नावनोंदणी.

मी व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात शिकायला होते, फळांच्या काढणीनंतरचं तंत्रज्ञान. घर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षं आणि बेदाणा, त्यामुळे विषय घरातूनच आलेला. आता विश्रामबागेत राहते, आणि थंडी सरायला लागली की जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंड अशा कुठून कुठून आपल्याकडच्या पोरापोरींचे फोन येतात: ताई, फायासला जायचंय, किती दिवस काढू, काय काय बघू? प्रत्येकाला तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे ऐका. बघायच्या गोष्टींची यादी करू नका. एक गल्ली धरा.

शहरात साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. प्रत्येकाचा एक मोठा देखावा आणि एक लहान मुलांचा. म्हणजे सातशेच्या वर देखावे, आणि मोठ्या मंडळांचे वीस मीटरच्याही वर जातात. हे सगळं बघून होणार नाही, आणि करायला गेलात तर पाय सुजवून घ्याल. यादी घेऊन फिरणारी माणसं मला दर मार्चमध्ये दिसायची. हातात नकाशा, डोळे मोबाइलमध्ये, देखाव्यापुढे फोटो, की चालले पुढच्या चौकात. आणि शेवटच्या रात्री हजारोंच्या गर्दीत कुणाच्या तरी डोक्यामागून धूर बघायचा. याउलट ज्यानं एकच गल्ली धरली, त्याला यंदा कुणाची मुलगी मानकरी आहे, कलाकाराला किती पैसे दिले, वरच्या गल्लीशी भांडण कशावरून आहे, सगळं कळतं. तो देखावा पेटला की त्याच्या पोटात काहीतरी हलतं. तेवढ्यासाठी जायचं.

गल्ली धरायची कशी

तुम्ही स्पेनमध्येच शिकत असाल तर काम सोपं आहे. मी बेनिमाक्लेतमध्ये राहायचे. आधी ते वेगळं गाव होतं, आता शहरातच आलंय. विद्यापीठ जवळ म्हणून विद्यार्थी बरेच. मंडळाची जागा, तिला कासाल म्हणतात, बहुतेक ठिकाणी इमारतीच्या तळमजल्यावरचा शटरवाला गाळा. वर्षभर शनिवारी रात्री तिथं जेवणं, पत्ते, मिटिंगा. सभासद दरमहा वर्गणी भरतात, आणि ती किरकोळ नसते. त्यातूनच कलाकार, बँड, दारूगोळा, जेवणावळी.

कासाल खासगी असतं. दार उघडं दिसलं म्हणून आत शिरू नका. ओळख बाहेरून करायची. डिसेंबरच्या आधी प्रत्येक मंडळ नाताळच्या लॉटरीचे हिस्से विकतं, किमतीत थोडी रक्कम मंडळाला जाते. गल्लीतल्या बारमध्ये काउंटरजवळ ते ठेवलेले असतात. एक घ्या, आणि घेताना विचारा की यंदाचा विषय काय. लॉटरी २२ डिसेंबरला निघते, लागत नाही, पण तोवर बारवाला तुम्हाला नावानं ओळखायला लागतो. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, त्यांचं सगळं घर मंडळात. मी लॉटरी घेतल्याचं त्यांच्या कानावर गेलं आणि पुढचं सगळं त्यांनीच केलं.

बोलावणं आलं तर रिकाम्या हातानं जाऊ नका. मी भडंग नेलं होतं, लसूण आणि मिरची असलेलं, आपलं सांगलीचं. एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण बिअरबरोबर पिशवी संपली आणि मंडळाच्या खजिनदारानं पुढच्या वेळी मोठी पिशवी आणायला बजावलं. बेदाणेही नेले होते. त्याचं त्यांना काही अप्रूप वाटलं नाही, त्यांच्याकडे मनुका मुबलक.

चार दिवसांसाठी बाहेरून येणार असाल तरी गल्ली धरता येते. राहण्याची जागा घ्याल तिथला सगळ्यात जवळचा देखावा तुमचा. सकाळी दहाच्या सुमाराला त्या चौकातल्या बारमध्ये बसा. व्हॅलेन्सियात ही सकाळची न्याहारी फार मनावर घेतात: लांब पाव, त्यात भरपूर काहीतरी, सोबत शेंगदाणे आणि ऑलिव्ह. मंडळाचे लोक रात्रीच्या जागरणानंतर तिथंच उगवतात. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल गळ्यात दिसला की ओळखा. देखाव्यावरच्या एखाद्या पुतळ्याकडे बोट करून "हा कोण?" एवढं विचारलं तरी अर्धा तास जातो.

जागा मात्र लवकर बघा. त्या आठवड्यात शहरातले भाव दुप्पट-तिप्पट होतात. मेट्रोवरची बुर्हासोत, पातेर्ना, तोरेंत ही गावं बघा. तोरेंत आणि पातेर्नात स्वतःचा फायासही असतो. मुख्य रात्रींना मेट्रो रात्रभर चालते. बस मात्र विसरा, रस्ते बंद असतात आणि नेहमीच्या थांब्यावर तंबू उभा असतो. शेंगेन व्हिसा, विमा वगैरे बाकीचे नेहमीचेच सोपस्कार. माद्रिदला उतरलात तर वेगवान रेल्वे दोन तासांच्या आत पोचवते.

दुपारी दोनचा आवाज

१ मार्चपासून १९ मार्चपर्यंत रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात मास्क्लेता होते. भर उन्हात फटाके. रंग नाही, रोषणाई नाही, फक्त आवाज. पाच-सात मिनिटांत शंभर किलोच्या वर दारू उडते. बाहेरच्या माणसाला हा प्रकार आधी येडेपणा वाटतो. मला वाटला नाही, आणि त्याचं कारण आई.

मार्च म्हणजे आमच्याकडे बेदाण्याचा हंगाम. आप्पा शेड सोडून येणं शक्यच नव्हतं, म्हणून आई एकटी आली. तिचं माहेर कवठे एकंद. सांगली जिल्ह्याबाहेरच्यांसाठी सांगते: तासगावजवळच्या या गावात दसऱ्याच्या रात्री ग्रामदैवताच्या पालखीपुढे रात्रभर शोभेची दारू उडते. मंडळं ती स्वतः तयार करतात, औट हा शोभेच्या दारूचा प्रकार म्हणजे काय हे तिथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. आईचं बालपण त्या वासात गेलं. त्यामुळे तिला चौकात नेताना मी कापसाचे बोळे खिशात ठेवले होते, ते तसेच परत आले.

चौकात मधोमध लोखंडी जाळीचं कुंपण असतं, आत दोऱ्यांवर फटाक्यांच्या माळा टांगलेल्या. दोन वाजले की पालिकेच्या सज्जात रेशमी पोशाखातली फायेरा मायोर, म्हणजे त्या वर्षाची शहराची मानकरी, पुढं येते आणि आतषबाजीवाल्याला सुरुवात करायला सांगते. सगळा चौक ते वाक्य तिच्याबरोबर म्हणतो. मग आधी वर शिट्ट्या आणि दोन-चार मोठे बार, मग जमिनीवरच्या माळा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, हळू, मग जलद, मग इतक्या जलद की वेगळे बार ऐकूच येत नाहीत. शेवटाला तिथं भूकंप म्हणतात. आवाज कानांना लागण्याआधी छातीला लागतो.

आई आकाशाकडे बघतच नव्हती. तिची नजर जाळीच्या आत. "वात कुठनं कुठं नेलीया बघ," एवढंच म्हणाली. संपल्यावर लोक टाळ्या वाजवत होते, धुरानं समोरची इमारत दिसेना, आणि ही बाई नाक वर करून वास घेत उभी. मग म्हणाली, "ताल धरलाय गं ह्यांनी. आपल्यात असा ताल धरत न्हाईत, आपलं सगळं वर बघायचं काम." तिथल्या जाणकारांकडूनही मी पुढं हेच ऐकलं. मास्क्लेता चांगली की वाईट हे ते लयीवरून ठरवतात: चढ कसा घेतला, मध्ये भोक पडलं का, शेवट लांबवला का उरकला. संध्याकाळी मामाला फोन लावला. त्याला काही पटेना. "रंग न्हाई? मग दुपारी उडवत्यात कशाला?" आई म्हणाली, "आवाजासाठी." पलीकडे जरा शांतता, आणि मग, "मग बरोबर हाय."

आता कामाचं. १५ ते १९ मार्चच्या गर्दीत मास्क्लेता बघायचा हट्ट धरू नका. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, कामाच्या दिवशी जा, निम्मीसुद्धा गर्दी नसते. मुख्य दिवसांत जायचंच असेल तर साडेबाराला जागा धरा. नॉर्द रेल्वे स्टेशनकडून मार्केस दे सोतेलो नावाचा रुंद रस्ता चौकाकडे जातो, तिथून आवाज उत्तम येतो आणि बाहेर पडायला वाव राहतो. चौकाजवळची मेट्रो स्टेशनं त्या वेळी बंद ठेवू शकतात, एक-दोन स्टेशनं आधी उतरून चाला. वारा कुठून येतोय ते बघा आणि धूर ज्या बाजूला जाईल तिकडे उभं राहू नका. हे आईनं सांगितलेलं, मी फक्त लिहून घेतलं. तोंड किंचित उघडं ठेवा, तिथले लोक सगळ्यांना हे सांगतात. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो. गरोदर बाईला नेऊ नका, तान्ह्या बाळाला अजिबात नको, मोठ्या मुलांना कानांवर बसणारे बंद द्या. पाकीट पुढच्या खिशात. सगळ्यांच्या माना वर असतात तेव्हा पाकीटमारांची चंगळ असते.

आणि हो, त्या वेळी घरी व्हिडिओ कॉल लावू नका. माझ्या एका मैत्रिणीनं लावला होता. सोलापुरात तिची आजी त्यानंतर दोन तास देवापुढे बसली होती.

देखावे कसे वाचायचे

१५ मार्चची रात्र मला शेवटच्या रात्रीपेक्षाही आवडते. त्या रात्री देखावे उभे करतात, म्हणजे सकाळपर्यंत संपवावेच लागतात. मोठ्या मंडळांचं काम आधीच सुरू झालेलं असतं, पण गल्लीतल्या लहान मंडळाची खरी धावपळ त्या रात्रीच. क्रेन येते, मुंडकं वर चढतं, खाली कलाकार डोळे तारवटून रंगाचा डबा घेऊन बसलेला. आता हे पुतळे बहुतेक थर्माकोलसारख्या पांढऱ्या फोमचे असतात. पूर्वी लाकूड, पुठ्ठा आणि मेण असायचं. फोममुळे आकार वाटेल तेवढा वाकवता येतो, पण जळताना काळाकुट्ट धूर येतो, आणि यावर तिथं दरवर्षी वाद होतो. मला स्वतःला लाकडी बांधणीवाले देखावे जास्त आवडायचे. हल्ली काही कलाकार पुन्हा तिकडे वळलेत.

ही सगळी भानगड सुतारांपासून सुरू झाली असं सांगतात. १९ मार्च हा संत जोसेफचा दिवस, तो सुतारांचा संत. हिवाळ्यात दिवे टांगायला वापरलेले लाकडी खांब आणि भुसा-ढलप्या ते वसंत लागताना बाहेर काढून जाळायचे. मग त्या खांबाला कुणीतरी जुने कपडे घातले, तो शेजाऱ्यासारखा दिसायला लागला, आणि टर उडवायची पद्धत पडली. ती अजून टिकून आहे. पंतप्रधान, महापौर, परदेशचे राष्ट्राध्यक्ष, कुणालाही सोडत नाहीत. काही पुतळे अगदी उघडेवाघडे असतात. घरच्या मोठ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर आधी एक चक्कर मारून या. आईनं असा एक पुतळा बघितला, पदर नीट केला आणि म्हणाली, "रंगकाम चांगलंय."

देखाव्याला एकदा पूर्ण फेरी मारा. समोर मोठा पुतळा, पण खरी मजा मागे आणि खाली, पायाशी ठेवलेल्या लहान पुतळ्यांत. प्रत्येकाजवळ व्हॅलेन्सियन भाषेत दोन-चार ओळींची पाटी असते. मंडळ दरवर्षी एक पुस्तिकाही काढतं, त्यात सगळ्या देखाव्याचं पद्यात स्पष्टीकरण, शिवाय गल्लीतल्या दुकानांच्या जाहिराती. ती मागून घ्या. फोनवर भाषांतर करून वाचलं तरी निम्मे विनोद कळतात, उरलेल्या निम्म्यांसाठी बारमध्ये विचारा.

एका दिवशी पहाटे उठून मोठे देखावे बघून या. सकाळी नऊच्या आत. ना जोर्दाना, एल पिलार, कोंव्हेंत हेरुसालेन ही मोठ्या मंडळांतली नावं, ती कुणीही दाखवील. काही ठिकाणी कुंपणाच्या आत फिरायला तिकीट असतं. रात्री रुसाफा भागात जा, क्युबा आणि सुएका या रस्त्यांवरच्या दिव्यांच्या कमानींसाठी. गर्दीत चेंगरायला होतं, पण एकदा बघण्यासारखं आहे. मग परत आपल्या गल्लीत.

झोप, पोट आणि शाकाहार

रात्री गल्लीत तंबूपुढे नाचगाणी पहाटेपर्यंत, आणि सकाळी आठला बँड आणि फटाके घेऊन मंडळ गल्ली उठवायला निघतं. हे मुद्दाम असतं, तक्रार करून काही होत नाही. म्हणून झोप दुपारी काढायची. मास्क्लेता झाली, जेवण झालं, की चार ते सात आडवे व्हा. सगळं शहर तेच करतं. पहिल्या दिवशी उत्साहात दुपारी फिरणारे तिसऱ्या दिवशी तापानं फणफणतात.

आई माळकरी. मांस, मासे, अंडी काही नाही. तिचं कसं निभावलं ते सांगते, बऱ्याच जणांचा प्रश्न तोच असतो. भोपळा पिठात कालवून तळलेले बुन्युएलो रस्त्यावर जागोजागी मिळतात, मधे भोक, वर साखर. त्यात साधारण अंडं नसतं, तरी विचारून घ्या. सोबत घट्ट गरम चॉकलेट. ओर्चाता म्हणजे एका कंदाचं थंड दुधाळ पेय, प्राण्याचं दूध त्यात नसतं. संत्री तर दारातच. मंडळं रस्त्यात डांबरावर वाळू पसरून त्यावर लाकडाच्या चुली मांडतात आणि पाएया शिजवतात. ती कोंबडी आणि सशाची असते, कधी गोगलगायीही पडतात. भाज्यांची पाएया वेगळी सांगावी लागते, आणि तीही मांसाच्या पाण्यात शिजवलेली असू शकते. एक वाक्य पाठ करून जा: "येवा काल्दो दे कार्ने?" म्हणजे यात मांसाचा रस्सा आहे का. नुसतं शाकाहारी म्हणून सांगितलं तर डुकराच्या मांसाचे पातळ काप वर घालून आणतील आणि खरंच चांगल्या मनानं आणतील, म्हणून "नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन" असं तिन्हीचं नाव घेऊन सांगा. टोमॅटो चोळलेला पाव कुठंही मिळतो. आईनं त्यावर शेंगदाण्याची चटणी पसरली आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना दिली. त्यांनी डबाच ठेवून घेतला.

संत्र्याचा रस समजून आग्वा दे व्हॅलेन्सिया पिऊ नका. त्यात कावा, जिन आणि व्होडका असते. जग भरून येतो आणि चवीला निरागस लागतो.

फुलं, आणि जुनं नदीपात्र

१७ आणि १८ मार्चला मंडळामागून मंडळ गाणी वाजवत बासिलिका या मोठ्या चर्चपुढच्या चौकात जातं आणि मारियाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, पायाशी फुलं देतं. चौकात लाकडी सांगाड्यावर तिची प्रचंड मूर्ती, आणि आलेले गुच्छ माणसं वर चढून त्या सांगाड्यात खोचत जातात, की दुसऱ्या दिवशीपर्यंत फुलांचा झगा पूर्ण. कुठल्या मंडळानं कोणत्या रंगाचा गुच्छ आणायचा हे आधी ठरलेलं असतं. बायकांचे रेशमी पोशाख बघून घ्या. चांगल्या पोशाखाला हजारो युरो पडतात, आणि ते आईकडून मुलीकडे जातात. इथं माझा सल्ला एवढाच, की चौकात घुसू नका. सान व्हिसेंते किंवा ला पास रस्त्याच्या कडेला उभे राहा. चौकातून बाहेर येणाऱ्या बायका रडत असतात, मोठमोठ्या पोक्त बायकासुद्धा. फोटो काढण्याआधी नजरेनं विचारा.

१८ च्या मध्यरात्रीनंतरची मोठी रंगीत आतषबाजी तुरिया नदीच्या जुन्या पात्राकडून उडवतात. सांगलीच्या आयर्विन पुलावरचे कृष्णेच्या पाण्याचे आकडे ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे पात्र बघायलाच हवं. १४ ऑक्टोबर १९५७ ला तुरियाचा पूर शहरात शिरला, आणि त्यानंतर त्यांनी नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नेली. जुन्या पात्रात आता कित्येक किलोमीटर लांब बाग आहे, वर पूल तसेच, खाली पाण्याऐवजी संत्र्याची झाडं आणि सायकली. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात मूळ शहर बऱ्यापैकी वाचलं आणि नव्या पात्राच्या पलीकडची पाइपोर्ता, कातारोखा अशी गावं बुडाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथंही फायासची मंडळं आहेत. एक दुपार तिकडे जा, तिथं जेवा, तिथल्या मंडळाची पुस्तिका विकत घ्या.

शेवटची रात्र

१९ ला आधी लहान मुलांचे देखावे जळतात, रात्री आठच्या सुमारास. मोठे दहानंतर, आणि पालिकेच्या चौकातला सगळ्यात शेवटी. पूर्वी हे सगळं मध्यरात्रीनंतर चालायचं, आता वेळा अलीकडे आणल्यात. त्या वर्षाचं वेळापत्रक तपासून घ्या. दहा म्हणजे दहा नव्हे. अग्निशमन दलाचे जवान आल्याशिवाय अरुंद गल्लीतला देखावा पेटवता येत नाही, आणि गाड्या साडेतीनशे मंडळांत फिरत असतात. गल्ली धरलेल्या माणसाला या उशिराचं दुःख नसतं, तो तोवर गप्पा मारत बसलेला असतो.

लहान देखाव्याला वात लावते ती दहा-बारा वर्षांची मानकरी मुलगी. वात लावते आणि ओक्साबोक्शी रडते, तिच्या मैत्रिणीही. वर्षभर तिचा मान होता, तो त्या रात्री संपतो. आमच्या गल्लीतली मुलगी रडायला लागली तेव्हा तिच्या आईआधी माझी आई पुढं झाली होती. भाषेचा काही प्रश्न आला नाही.

मोठा देखावा पेटवण्याआधी पुतळ्यांना भोकं पाडतात, आतून आग खेळावी म्हणून. जवान आजूबाजूच्या भिंती, बाल्कन्या, झाडं पाण्यानं भिजवत राहतात. आधी फटाके, मग माळेची आग खालून वर जाते. उष्णता इतकी येते, की दोरीमागची पहिली रांग न सांगता मागे सरते. तुम्हीही पहिल्या रांगेत उभं राहू नका. अंगात जुने सुती कपडे घाला. नायलॉनच्या जॅकेटवर ठिणगी पडली की भोक, आणि चिकटलं तर कातडीला. केस बांधा. लेन्स लावत असाल तर त्या रात्री चष्मा. दमा असेल तर औषध खिशात आणि धुराच्या उलट बाजूला जागा. रात्री थंडी वाजते, पण जाड लोकरी शाल चालेल, फरचा कोट नको.

दोन पुतळे मात्र वाचतात, एक मोठ्या देखाव्यांतला आणि एक मुलांच्या. फेब्रुवारीपासून प्रत्येक मंडळाच्या एकेका पुतळ्याचं प्रदर्शन भरतं, लोक मतं देतात, आणि जिंकलेले आगीतून सुटतात. १९३४ पासून ही चाल आहे, सुटलेले पुतळे फायास संग्रहालयात ठेवलेत. सवड असली तर तिथं जाऊन या, दशकागणिक चेहऱ्यांची घडण कशी बदलली ते ओळीनं दिसतं.

पोरांच्या फटाक्यांबद्दल थोडं. गल्लीत शाळकरी मुलं दिवसभर फटाके फोडतात, मोठी माणसं शिकवतात. दिवसा त्याचा त्रास होत नाही, पण संध्याकाळनंतर पिऊन आलेले बाहेरचे पोरगे पायाशी बार टाकतात. तिथून मुकाट्यानं बाजूला व्हा. बंद बुटाशिवाय बाहेर पडू नका, चप्पल तर नकोच. न फुटलेला फटाका पायानंही उलटवायचा नाही, हे कवठे एकंदच्या माणसाला सांगावं लागणार नाही, बाकीच्यांसाठी लिहिते.

तिथं राहत असाल आणि पुढच्या वर्षी सभासद व्हायचं असेल, तर २० मार्चनंतर लगेच कासालमध्ये विचारा. त्यांचं वर्ष तेव्हापासून सुरू होतं. परदेशी माणसाला घेतात, माझ्या ओळखीत एक नायजेरियन आणि एक कोल्हापूरची मुलगी सभासद आहेत. विद्यार्थ्याला हप्त्यानं वर्गणी देता येते का हे बेलाशक विचारा.

मार्चमध्ये परीक्षा असेल, सुट्टी मिळत नसेल, तर जूनमध्ये अलिकांतेला जा. व्हॅलेन्सियापासून दक्षिणेला, समुद्राकाठी. तिथं असेच देखावे सान ख्वानच्या सणाला उभे राहतात आणि २४ जूनच्या रात्री जळतात. गर्दी कमी, उकाडा जास्त. तिथली गंमत अशी, की देखावा पेटला की लोक अग्निशमनवाल्यांना शिव्या घालायला लागतात, ठरवून, आणि जवान आगीऐवजी गर्दीवर पाण्याचे फवारे सोडतात. नखशिखांत भिजायला होतं. पासपोर्ट खोलीवर ठेवून जा आणि फोनला प्लॅस्टिकची पिशवी बांधा.